उभ्या गाडीत वीजचोरी?

नानांनी ठरवलं होतं ते एवढंच, की झोपण्याआधी गाडीकडे एकदा बघायचं. (माणूस नव्या चपलेकडेही बघतो. ही तर गाडी, आणि तीही विजेवर चालणारी.) पण जळगावचा मे महिना. नाना उघड्या अंगानं पंख्याखाली बसलेले, आणि फाटकापर्यंत जायचं म्हणजे सदरा घालणं आलं. त्यापेक्षा शोरूमवाल्यांनी फोनमध्ये टाकून दिलेलं ते ॲप बरं. नानांनी बोट लावलं. एक चक्र फिरलं, बराच वेळ फिरत राहिलं, आणि हिरव्या अक्षरांत उत्तर आलं: चौऱ्याण्णव टक्के.

नाना समाधानानं झोपले. मध्ये तीनदा पाणी प्यायला उठले, तेव्हा जाता जाता बोट लावलं, ते धरत नाही. सकाळी पाहिलं तर अठ्ठ्याऐंशी.

गाडी रात्रभर फाटकाच्या आत उभी होती. ती कुठे गेली नव्हती, तिला कुणी नेलं नव्हतं. तरी सहा टक्के गायब.

दुसरा एखादा "असेल काहीतरी" म्हणून चहा प्यायला असता. पण नाना म्हणजे अभिमन देवरे, एका दैनिकात चौतीस वर्षं गुन्हेवार्ता करून मागच्या दिवाळीत निवृत्त झालेला माणूस. या चौतीस वर्षांत त्यांनी नळाला पाणी न येण्यामागे सुद्धा कुणाचा तरी हात शोधून काढला होता. "आपोआप" या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता. काहीही आपोआप होत नाही. कुणीतरी करतं, कुणीतरी दाबतं, आणि कुणीतरी प्रेस नोट काढून नाकारतं. निवृत्त झाल्यापासून हात शोधायला काही मिळालं नव्हतं, आणि आता खुद्द फाटकात गुन्हा घडला होता. नानांनी कपाटातून जुनं टिपणाचं पॅड काढलं आणि वर तारीख टाकली.

"काय झालं?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"सहा टक्के गेले."

"कशाचे?"

"तेच शोधायचंय."

"शोधा. पण पुढच्या रविवारच्या आत शोधा," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

पुढच्या रविवारचं सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच अडलं होतं. नाना पूर्वी बारा वर्षं धुळ्याला वार्ताहर होते. त्या काळात प्रमिलाबाईंनी तिथल्या गल्लीत शिवणवर्ग चालवला होता. दर वर्षी वर्गाचं प्रदर्शन असायचं, आणि दर वर्षी नाना "आलोच" म्हणून निघायचे. कधी वाटेत पूल पडलेला निघायचा, कधी मंत्री. बारा प्रदर्शनं झाली, नानांनी एकही पाहिलं नाही. आता त्या मुलींनी, ज्यांची स्वतःची दुकानं आहेत आणि केसही पिकले आहेत, बाईंचा सत्कार ठरवला होता. रविवार, सकाळी अकरा, धुळे. पत्रिका आली तेव्हा नाना उभं राहून म्हणाले होते, "या वेळी मी नेणार. माझ्या गाडीतून. अकराच्या आत." प्रमिलाबाईंनी पत्रिका परत पाकिटात घालून पाकीट जपून ठेवलं होतं.

त्याच गाडीतून हसीनाबी आणि हाशमभाऊ येणार होते. हे समोरचे शेजारी. हाशमभाऊंचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. बोअरच्या जळलेल्या मोटारींना तांब्याची तार नव्यानं गुंडाळून जिवंत करायचं काम. हसीनाबींचं माहेर धुळ्याचं, आणि पहिलं ब्लाउज त्यांनी प्रमिलाबाईंच्याच वर्गात शिवलं होतं. (एक बाही दुसरीपेक्षा दोन बोटं लांब झाली होती. बाईंनी ते ब्लाउज अजून विसरू दिलेलं नाही.)

तर नानांनी तपास सुरू केला, म्हणजे राउंड सुरू केला.

राउंड म्हणजे काय, हे वर्तमानपत्रात न राबलेल्यांना सांगावं लागेल. गुन्हेवार्ताहर बातमीची वाट बघत बसत नाही. तो तासातासाला फोन फिरवतो: सगळी पोलीस ठाणी, सिव्हिल हॉस्पिटल, अग्निशमन दल. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: "काय, काही विशेष?" विशेष नसलं तर खाली ठेवायचा आणि तासाभरानं पुन्हा. नानांचा राउंड जिल्ह्यात नावाजलेला होता. इतर वार्ताहर तासाला फोन करत, नाना अर्ध्या तासाला. आता ठाणी नव्हती, पण गाडी होती. दर अर्ध्या तासाला नाना ॲपला बोट लावायचे, चक्र फिरायचं, आकडा यायचा आणि पॅडवर वेळेसह उतरायचा.

दुसऱ्या दिवशी अकरा टक्के गेले.

"बघ!" नाना म्हणाले. "मी लक्ष ठेवतोय हे कळल्यावर चोर चेकाळलाय."

चेकाळलेल्या चोरासाठी नानांनी अर्ध्या तासाचा राउंड पंधरा मिनिटांवर आणला. शिवाय गाडीत पहाऱ्याची एक सोय होती. ती चालू केली की गाडीचे चार कॅमेरे जागे राहत आणि जवळून जो जाईल त्याचं चित्र घेत. नानांनी ती चालू केली. सकाळपर्यंत एकोणीस टक्के गेले. नानांनी चहा न घेता चित्रं बघायला सुरुवात केली. एक मांजर. पुन्हा तेच मांजर. झाडू घेतलेल्या प्रमिलाबाई. आणि एक संशयित. बनियनमधला, वाकून चालणारा, गाडीभोवती हळूहळू फिरणारा, मध्येच चाकाला हात लावून इकडेतिकडे बघणारा. तो एकूण चौदा वेळा आला होता.

"हा कोण आहे, ओळखतेस का?" नानांनी फोन पुढे केला.

प्रमिलाबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "हो. माझं लग्न झालंय त्याच्याशी."

मग नानांनी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. अकरा मिनिटं सनई वाजली. सनईच्या मध्येमध्ये एक बाई सांगत होती की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. (महत्त्वाच्या माणसाला कुणी अकरा मिनिटं सनई ऐकवत नाही. लग्नातसुद्धा नाही.) अखेर पलीकडून गोड आवाज आला.

"नमस्कार सर, मी कोकिळा बोलतेय. आपली काय मदत करू?"

"गाडी उभी असताना दिवसाला एकोणीस टक्के बॅटरी जाते. याला जबाबदार कोण?"

"सर, आपली अडचण आम्ही समजू शकतो. एक-दोन प्रश्न विचारू का?"

"प्रश्न मी विचारतो. चौतीस वर्षं विचारतोय."

"हो सर. फक्त एवढंच सांगा, आपण दिवसातून ॲप साधारण किती वेळा..."

"म्हणजे तक्रार करणाऱ्याचीच चौकशी! विषय बदलू नका. जबाबदार कोण?"

"सर, ॲप आपण किती..."

"तुमच्या वरिष्ठांना द्या!"

पुन्हा सनई सुरू झाली. नानांनी फोन आपटला आणि पॅडवर लिहिलं: *कंपनीची टाळाटाळ.* वास्तविक त्या बिचाऱ्या कोकिळेनं सगळा गुन्हा एका वाक्यात उलगडून दिला होता, आणि तेही तिसऱ्याच दिवशी. पण बातमी समोरून चालत आली की तिच्यावर वार्ताहराचा विश्वास बसत नाही. हे नानांनाच झालं असं नाही, सगळ्या धंद्याला झालेलं आहे.

मंगळवारी संध्याकाळी नानांनी गाडी पूर्ण चार्ज केली आणि चार्जरची वायर काढून कपाटात ठेवली.

"आता चार्ज करायची नाही?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"नाही. वायरमधूनच चोरी होत असेल तर? तपास पूर्ण होईपर्यंत मुद्देमालाला हात लावायचा नाही."

"आणि धुळे?"

"शनिवारी लावतो की. रात्रीत भरते."

बुधवारी दुपारी लाइट गेली. बेचाळीस डिग्री. सगळी गल्ली दारांत येऊन वारा घालत बसली. आणि त्या शांततेत नानांच्या कानावर एक आवाज आला. समोर हाशमभाऊंच्या घरात कूलर चालू होता.

अख्ख्या गल्लीत लाइट नाही, आणि एक कूलर चालू. नानांच्या अंगावर शहारा आला. हा तोच शहारा होता जो त्यांना मोठी बातमी हाताशी लागल्यावर यायचा. (यातल्या निम्म्या बातम्यांचा पुढे खुलासा छापावा लागला होता, पण शहाऱ्याला ते कळत नाही.) त्यांनी ॲपला बोट लावलं: सत्त्याऐंशी. दहा मिनिटांनी पुन्हा: शहाऐंशी. कूलर चालतोय, टक्के उतरताहेत. याला पुरावा नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

शेजारी जाऊन विचारणं हा एक मार्ग होता. पण नानांनी आयुष्यात आधी छापलं आणि मग विचारलं. त्यांनी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहायला घेतलं:

"*उभ्या गाडीत वीजचोरी?* परिसरात उभ्या असलेल्या एका वाहनातून रोज मोठ्या प्रमाणावर वीज नाहीशी होत असल्याचे विश्वसनीय सूत्रांकडून समजते. दरम्यान, याच परिसरातील एका घरातील कूलर लाइट गेल्यावरही अखंड चालतो, याबद्दल नागरिकांतून आश्चर्य व्यक्त होत आहे."

सूत्र म्हणजे नाना. नागरिक म्हणजेही नाना. आणि शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की कोर्टात काही करता येत नाही, हे त्यांना पहिल्या संपादकानं शिकवलं होतं. नाव त्यांनी लिहिलं नाही. तशी गरजही नव्हती. लाइट गेल्यावर चालणारा कूलर गल्लीत एकच होता.

समोरचा कूलर पाच मिनिटांत बंद झाला.

संध्याकाळी हसीनाबी फाटकाशी आल्या. आत आल्या नाहीत. वीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

"अक्का, रविवारचं सांगायला आले. आम्ही दोघं बसनं येऊ."

"का गं? गाडी आहे ना!"

"नको अक्का. नानांच्या गाडीत आमचा कूलर मावायचा नाही."

एवढं बोलून त्या गेल्या. प्रमिलाबाई वळल्या. त्या शिंदखेड्याच्या. एरवी बोलणं पुस्तकासारखं, पण राग अनावर झाला की माहेरची अहिराणी बाहेर येते. गेल्या पस्तीस वर्षांत ती नानांनी चारदा ऐकली होती. ही पाचवी वेळ.

"तुम्हले काही लाज शे का नही? बठ्ठी गल्ली हासी राहिनी! त्या माणूसनी तुम्हना पंखा, मिक्सर, बोअरनी मोटार, बठ्ठं दुरुस्त करी दिनं. एक रुपया कधी सांगा नही. आणि तुम्ही त्याले चोर म्हनतस?"

"मी नाव कुठे लिहिलंय? प्रश्नचिन्ह टाकलंय."

"प्रश्नचिन्ह!" त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर शुक्रवारपर्यंत त्या घरात फक्त भांड्यांचा आवाज होता.

त्यात वाईट हे की कूलर गुरुवारी बंद होता, शुक्रवारीही बंद होता. हाशमभाऊ भर दुपारी दारात बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होते. आणि टक्के उतरतच होते. पुरावा नानांच्या डोळ्यांदेखत वितळत होता. नानांना हे दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच त्यांनी राउंड दहा मिनिटांवर आणला.

शनिवारी सकाळी एकतीस टक्के उरले. चारच दिवसांत शंभराचे एकतीस, आणि गाडी फाटकाबाहेर एक वीतभरही गेलेली नाही. आता मात्र नानांनी कपाटातून वायर काढली, प्लग लावला आणि बटण दाबलं. काही झालं नाही. लाइट नव्हती. दुरुस्तीच्या कामासाठी शनिवारी नऊ ते पाच वीज बंद राहील, अशी सूचना आदल्या दिवशी नानांच्याच पेपरात चौथ्या पानावर आली होती. पण चौकटीतल्या बारीक बातम्या नाना वाचत नसत. त्या लोकांसाठी असतात.

"पाचला येईल लाइट," नाना स्वतःशी म्हणाले आणि धीरासाठी ॲपला बोट लावलं. चक्र फिरलं. फिरत राहिलं. मग उत्तर आलं: गाडीशी संपर्क होत नाही.

नाना किल्ली घेऊन धावले. बटण दाबलं. एरवी आरसे उघडायचे, दिवे लुकलुकायचे. आज काहीच नाही. दार उघडेना, दिवा लागेना. आत एकतीस टक्के असून गाडी रस्त्यावरच्या मैलाच्या दगडासारखी उभी.

प्रमिलाबाई दारात येऊन हे बघत होत्या. तीन दिवसांनी त्या पहिल्यांदा नानांशी बोलल्या, आणि तेही अगदी शांतपणे.

"राहू द्या. मी सकाळच्या बसनं जाते हसीनाबरोबर. बारा प्रदर्शनांना एकटीच होते, तेराव्यालाही राहीन."

अहिराणीत बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं नानांना वाटलं. त्यांनी सदरा घातला आणि भर बाराच्या उन्हात हाशमभाऊंच्या दुकानाची वाट धरली.

दुकानात हाशमभाऊ हातानं मोटारीची गुंडाळी करत होते. बाकावर धनसिंग बसला होता, निवृत्त हवालदार, कूलरचा पंप दुरुस्तीला घेऊन.

"हाशमभाऊ," नाना म्हणाले.

"एकशे अठ्ठावीस, एकशे एकोणतीस..."

"हाशमभाऊ, जरा काम होतं."

"एकशे तीस..."

"गाडी बंद पडलीय हो!"

हाशमभाऊंचा हात थांबला. त्यांनी तारेकडे पाहिलं, मग नानांकडे. "गेला आकडा. दीडशे फेरे होते नाना. आता उलगडून पुन्हा एकपासून." त्यांनी शांतपणे तार उलगडायला घेतली. नाना उभे राहिले. कुणी बसा म्हणालं नाही. ज्या माणसासाठी कलेक्टर ऑफिसात खुर्ची पुसली जायची तो माणूस दीडशे फेरे होईस्तोवर तांब्याच्या तुकड्यांत उभा राहिला. त्यांना पहिल्यांदा कळलं, की उत्तर मिळायला वेळ लागतो कारण पलीकडचा माणूस काहीतरी करत असतो.

"दीडशे," हाशमभाऊंनी गाठ मारली. "बोला."

"माझं चुकलं. मी खुलासा टाकतो."

"पहिल्या पानावर का चौथ्या?"

"काय?"

"बातमी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात असते, आणि खुलासा चौथ्या पानावर, बस वेळापत्रकाच्या खाली. असंच असतं ना पेपरात?"

धनसिंग तोंडावर रुमाल धरून खोकला.

नानांनी तिथेच फोन काढला आणि त्याच ग्रुपवर लिहिलं: "बुधवारचा मजकूर चुकीचा व खोडसाळ होता. हाशमभाऊंची मी माफी मागतो. अभिमन देवरे." प्रश्नचिन्ह कुठेही टाकलं नाही. हे लिहायला त्यांना चौतीस वर्षं आणि चार मिनिटं लागली.

हाशमभाऊंनी वाचलं, पक्कड खिशात टाकली आणि म्हणाले, "चला. आधी घरी जाऊ, मग तुमच्याकडे." धनसिंगही पंप तिथेच ठेवून मागोमाग निघाला.

घरी जाऊन ते कूलरमागून एक जाडजूड बॅटरी उचलून घेऊन आले. "ही घ्या तुमची वीजचोरी. मोडक्या ट्रॅक्टरची बॅटरी. तिच्यावर मी मोटारगाडीतला लहान पंखा बसवलाय कूलरला. लाइट गेली की यावर चालतो. यात चोरी एवढीच, की कल्पना माझ्या मेव्हण्याची."

मग त्यांनी किल्लीच्या पोटात लपलेली साधी लोखंडी किल्ली ओढून काढली. (ती तिथे असते हे नानांना ठाऊक नव्हतं.) दार उघडलं, बॉनेट उघडलं. मोठ्या बॅटरीशिवाय या गाडीतही एक लहान, नेहमीची बॅटरी असते. दारं, दिवे आणि गाडीचं डोकं तिच्यावर चालतं. ती ठार बसली होती. हाशमभाऊंनी कूलरच्या बॅटरीच्या दोन तारा तिला जोडल्या. टक् आवाज झाला, आरसे उघडले, दिवे लुकलुकले.

फाटकाशी जमलेल्या गल्लीनं पाहिलं, की वीज खरोखरच एका घरातून दुसऱ्या घरात चालली होती. फक्त दिशा उलटी होती.

"पण बसली कशानं?" हाशमभाऊ बॉनेटवर कान टेकवून म्हणाले. "गाडी बंद केली की पाच-दहा मिनिटांत झोपली पाहिजे. नाना, जरा ओट्यावर जाऊन बसा. काही करू नका."

नाना ओट्यावर बसले. थोड्या वेळानं गाडीची गुणगुण थांबली. हाशमभाऊंनी मान डोलावली. अर्धं मिनिट शांत गेलं. आणि अचानक गाडीत टक् झालं, आत काहीतरी घुं करून सुरू झालं.

"कुणी काय केलं?"

"कुणी नाही," नाना म्हणाले. "मी फक्त बघितलं, किती टक्के आहे ते."

हाशमभाऊ सावकाश ताठ झाले. "पुन्हा बघा."

नानांनी बोट लावलं. टक्. घुं.

"दिवसातून किती वेळा बघता?"

"काही फार नाही. राउंड फक्त."

"राउंड!" धनसिंग ओट्यावरून उठलाच. "हाशमभाऊ, तुमले माहीत नाही यांचा राउंड! सोळा वर्षं मी ठाण्यात फोनजवळ बसलो. जरा डोळा लागला की ट्रिंग. 'काय धनसिंग, काही विशेष?' मी म्हणायचो, विशेष एकच, तुम्ही फोन केला. डॉक्टर म्हणाला तुला रक्तदाब आहे. मी म्हटलं, रक्तदाब नाही साहेब, देवरे आहेत."

पॅड आलं. हाशमभाऊंनी पानं उलटली. सोमवार बावन्न वेळा. गुरुवार एक्याण्णव. शुक्रवार एकशे अठरा.

"बघा नाना," हाशमभाऊ म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग उरला नव्हता. "तुम्ही विचारलं किती टक्के, की तिला उठून, सगळं चालू करून, मोजून सांगावं लागतं. परत झोपायला दहा मिनिटं. तेवढ्यात तुम्ही परत विचारता. त्यात तुमचे ते कॅमेरे. चार दिवस झाले, गाडी झोपलीच नाही. तुम्ही चोराची वाट बघत होता, तिकडे तुमचं बघणंच बॅटरी खात होतं."

गल्ली हसली. प्रमिलाबाईही हसल्या, तीन दिवसांत पहिल्यांदा. नानांना त्या हसण्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट कुणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून घेतल्यासारखं वाटलं.

हाशमभाऊंनी इलाज सांगितला: कॅमेरे बंद, लाइट आली की गाडी चार्जिंगला, आणि फोन सकाळपर्यंत हसीनाबींच्या ताब्यात. हसीनाबींनी तो घेतला आणि सगळ्यांसमोर ज्वारीच्या कोठीत, दाण्यांच्या खाली, कोपरापर्यंत हात घालून पुरला.

"आणि फोन आला तर?" नानांनी विचारलं.

"ज्वारी उचलेल," हसीनाबी म्हणाल्या.

पाच वाजता लाइट आली. त्यानंतर नानांनी काय सोसलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. बोट आपोआप खिशाकडे जायचं. (आपोआप! हा शब्द नानांनी मनातल्या मनात पहिल्यांदा वापरला.) शेवटी ते बोट उशीखाली दाबून झोपले, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा सलग झोपले.

सकाळी गाडी शंभर टक्के होती.

साडेआठला चौघं निघाले. पुढे नाना आणि हाशमभाऊ, मागे प्रमिलाबाई आणि हसीनाबी. पायाशी कूलरची बॅटरी. हाशमभाऊ म्हणाले, असू द्या, वाटेत विश्वास डळमळला तर. म्हणजे कूलर अखेर गाडीत मावलाच. कोठीतला फोन घ्यायचा राहिला, हे एरंडोलला लक्षात आलं. नानांनी गाडी वळवली नाही. पारोळा मागे पडलं. वाटेत नाना एकदाच बोलले.

"हाशमभाऊ, तो धनसिंग प्रत्येक वेळी फोन उचलायचा, हो. सोळा वर्षं. एकदाही शिवी दिली नाही. मी त्याला कधी थँक्यू म्हटलं नाही."

"मग आता म्हणा."

"फोन कोठीत आहे."

"तेही बरंच आहे. त्याला झोपू द्या, रविवार आहे."

दहा चाळीसला ते धुळ्यात सभागृहापाशी होते. वीस मिनिटं आधी. सतरंज्याही अंथरून झाल्या नव्हत्या. दारात उभी असलेली सबा, जिचं आता चार मशीनचं दुकान आहे, घड्याळाकडे बघून ओरडली, "बाई! सरांबरोबर आलात, आणि वेळेच्या आधी? घड्याळ बिघडलं का माझं?"

सत्कार झाला. शाल झाली, श्रीफळ झालं, एका बाईनं प्रमिलाबाईंना दोन असमान बाह्यांचं ब्लाउज भेट दिलं आणि हसीनाबींनी तोंड लपवलं. मग बाई बोलायला उभ्या राहिल्या. नाना पहिल्या रांगेत होते. पहिल्या रांगेत ते कैक सभांना बसले होते, पण आज त्यांच्या हातात पॅड नव्हतं.

"आमचे हे," प्रमिलाबाई म्हणाल्या, "चौतीस वर्षं दर अर्ध्या तासाला ठाण्यात फोन करायचे. दवाखान्यात करायचे, आगीच्या बंबाला करायचे. घरी एकदाही नाही. मला फार वाईट वाटायचं. काल हाशमभाऊंनी समजावलं, की सारखं 'काय विशेष' विचारलं की बॅटरी बसते. तेव्हा कळलं, मी अजून शंभर टक्के कशी आहे."

सभागृहात हशा उसळला. सगळ्यात मोठ्यानं हसीनाबी हसल्या.

"पण आज," बाईंनी हात वर केला, "आज त्यांनी मला वेळेवर आणलं. बारा वर्षांची सगळी प्रदर्शनं त्यांनी आज एकदम पाहिली, असं मी धरून चालते. त्यांचे आभार. आणि ज्याच्यावर आळ घेतला त्यानंच गाडी चालू करून दिली, त्या हाशमभाऊंचे आभार मी वेगळे मानत नाही. ते मानून संपायचे नाहीत."

नानांनी चष्मा पुसला. सभागृहात धूळ फार होती.

मंगळवारी नानांच्याच पेपरात फोटोसह बातमी आली. चौथ्या पानावर, बस वेळापत्रकाच्या वर. फोटोखाली लिहिलं होतं: "शिवणशिक्षिका प्रमिलाबाई देवरे यांचा सत्कार करताना माजी विद्यार्थिनी. शेजारी हसीनाबी व हाशमभाऊ. पाठीमागे वाहनचालक."

नाना ताडकन उठले. चौतीस वर्षं त्या पेपरात राबलेला माणूस, आणि वाहनचालक! त्यांनी संपादकाचा नंबर काढला. खुलासा हवा, पहिल्या पानावर हवा, मोठ्या अक्षरात हवा.

"गाडी कुणी चालवली?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"मी."

"मग बातमी खरी आहे. तुमच्या बातम्यांपेक्षा जास्तच."

नानांनी फोन खाली ठेवला. कात्री घेतली, फोटो कापला, आणि पत्रिकेच्या त्या पाकिटात जपून ठेवला. मग सहज म्हणून ॲपकडे बोट नेलं आणि थबकले. हाशमभाऊंनी दिवसातून एकदाच बघायची परवानगी दिली होती, आणि आजची त्यांनी सकाळी सहा वाजताच वापरली होती. तीही सात वेळा.